बस्त्याचं बिल, संक्रांतीचा मेसेज आणि ग्राहकाचा डेटा

दिवाळी जवळ आली की मला सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य म्हणजे "मॅडम, आहेत तेवढ्या सगळ्या नंबरांवर टाकून द्या की." मी इचलकरंजी, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यातल्या छोट्या दुकानदारांच्या ग्राहकांच्या याद्या सांभाळते, म्हणजे बिलिंग सॉफ्टवेअरमधून डेटा काढायचा, एक्सेलमध्ये साफ करायचा, कुणाला कधी काय मेसेज जायचा ते ठरवायचं आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायचा. चष्म्याची दुकानं आहेत, मेडिकल आहेत, पण जास्त करून साड्यांची दुकानं. आणि या कामात माझी खरी मेहनत जाते ती कुणाला मेसेज पाठवायचा नाही आणि ग्राहकाबद्दल कळलेल्यातलं काय वापरायचं नाही हे ठरवण्यात. यावर बरेच दिवस लिहायचं होतं, आज लिहितेय, लांबेल जरा.

आधी "सगळ्यांना टाका" का नको ते सांगते, कारण दुकानदाराला पहिल्यांदा पैशाचीच भाषा पटते आणि त्यात चूक काही नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या बिझनेस प्लॅटफॉर्मवर पाठवायच्या मेसेजचं टेम्प्लेट, म्हणजे मजकुराचा साचा, आधी मंजूर करून घ्यावं लागतं, आणि मार्केटिंगच्या मेसेजला "तुमची साडी फॉल-पिको होऊन तयार आहे" असल्या युटिलिटी मेसेजपेक्षा जास्त पैसे पडतात. ते पैसे एकवेळ परवडतील, पण लोकांनी ब्लॉक आणि रिपोर्ट केलं की व्हॉट्सअ‍ॅपकडं आपल्या नंबरचं आणि त्या टेम्प्लेटचं क्वालिटी रेटिंग घसरतं, आणि टेम्प्लेटचं फार घसरलं तर ते थांबवलं जातं. आणि ज्या बाईला खरंच साडी तयार झाल्याचा निरोप हवा होता तिनंच वैतागून ब्लॉक केलं तर तोही पोचत नाही, कारण आपण तिला नको असलेला सेल दाखवत बसलो. शिवाय जुन्या यादीतला नंबर आता त्याच माणसाचा असेल असंही नाही, बंद पडलेला नंबर ९० दिवस उलटले की कंपनी दुसऱ्या कुणाला देऊ शकते.

मग यादी चाळायची कशी? जुनी, साधी पद्धत आहे, टपालानं कॅटलॉग पाठवणाऱ्या कंपन्या वापरायच्या ती. प्रत्येक ग्राहकापुढं तीन रकाने करायचे: शेवटचं बिल कधी, वर्षाभरात किती वेळा आला, एकूण किती रुपयांचं घेतलं. या तिन्हींवर गुण द्यायचे आणि बेरीज करून वरून खाली लावायचं. एवढ्यानंच दुकानदार चकित होतात, कारण रोज दुकानात दिसणारी आणि खरंच खरेदी करणारी माणसं बऱ्याचदा वेगळीच निघतात. पण साडीच्या दुकानात ही पद्धत जशीच्या तशी लावली की फसते, आणि ती फसते बस्त्यापाशी.

बस्ता म्हणजे काय ते आपल्याकडं सांगायला नको. घरातली दहा-बारा माणसं सकाळी येणार, गादीवर बसणार, शालू, अष्टपुत्री, मानपानाच्या साड्या, आहेराच्या साड्या, नवरदेवाचे कपडे, सगळं मिळून दिवसभराची खरेदी आणि शेवटी एकच लांबलचक बिल. ते घर तुमच्या यादीत एकदम वर जाऊन बसतं, महिन्या-दोन महिन्याला येऊन एखादी कॉटनची साडी नेणाऱ्या शिक्षिकेच्या कितीतरी वर. आणि मग पुढच्या लग्नसराईत सॉफ्टवेअर त्यांनाच मेसेज काढून देतं की लग्नाच्या खरेदीवर सूट. अहो, लग्न झालं त्यांच्या घरचं! आता पुढचा बस्ता कदाचित धाकट्या भावाच्या वेळी, तोही चार-पाच वर्षांनी.

म्हणून मी बस्त्याची बिलं आधी बाजूला काढते आणि त्यांची वेगळी यादी करते. या घरांचा पुढच्या वर्षाचा क्रम आपल्याकडं ठरलेला असतो, नव्या नवरीची पहिली संक्रांत, म्हणजे काळी साडी आणि हलव्याचे दागिने, मग श्रावणातली मंगळागौर, मग पहिली दिवाळी आणि पाडवा. बस्ता डिसेंबरात बांधला असेल तर महिन्याभरातच संक्रांत येते आणि सासूबाई काळी साडी शोधायला बाहेर पडणारच आहेत. त्यावेळी "काळ्या साड्यांचा नवीन स्टॉक आलाय, बस्त्याच्या ग्राहकांसाठी वेगळा काढून ठेवलाय" एवढाच मेसेज गेला तर तो त्रास वाटत नाही, बायका खरंच फोन करून विचारतात की कधी येऊ. इथं डेटा काय केला, तर वेळ बरोबर साधून दिली, बस. मेसेजच्या सुरुवातीला नाव घालण्याला लोक पर्सनलायझेशन म्हणतात, मला त्यात फारसं काही दिसत नाही. योग्य आठवड्यात गेलेला बिननावाचा मेसेज जास्त कामाचा असतो.

आता खरा प्रश्न. हाच क्रम पुढं न्या. मंगळागौर झाली, दिवाळी झाली, मग? मग डोहाळजेवण, हिरवी साडी. एका दुकानदारांनी मला अगदी उत्साहानं सांगितलं की लग्नाच्या तारखेनंतर वर्ष-दीड वर्षानं हिरव्या साडीचा मेसेज लावून ठेवा, आपोआप जाईल. तांत्रिकदृष्ट्या पाच मिनिटांचं काम. मी नाही म्हटलं, आणि का नाही म्हटलं हे मला नीट सांगता यायला पाहिजे असं वाटलं, म्हणून हा सगळा लेख.

संक्रांत कॅलेंडरवर आहे, ती सगळ्यांना येते. डोहाळजेवण कॅलेंडरवर नाही, ते एका बाईच्या शरीराबद्दल आपण बांधलेला अंदाज आहे. तिला मूल नको असेल, अजून नको असेल, होत नसेल, झालं आणि गेलं असेल, नवऱ्यापासून वेगळी झाली असेल. घरात आधीच सगळे विचारतायत "काय गोड बातमी", त्यात आता साडीचं दुकानही विचारणार? हिरव्या साड्या दुकानात भरपूर ठेवा, दर्शनी लावा, स्टेटसला टाका, ज्यांना हव्यात त्या येतील. पण एका बाईच्या नंबरवर अंदाजानं पाठवू नका.

हे अमेरिकेत टार्गेट नावाच्या मोठ्या दुकानसाखळीनं करून बघितलंय. अँड्र्यू पोल नावाचे संख्याशास्त्रज्ञ २००२ मध्ये तिथं रुजू झाले, आणि मार्केटिंगवाल्यांनी त्यांना विचारलं की एखादी बाई गरोदर आहे हे तिनं सांगितलं नाही तरी आपल्याला कळेल का. टार्गेटकडं ज्या बायकांनी स्वतःहून बाळाच्या भेटवस्तूंची यादी नोंदवली होती त्यांची बिलं होती, ती बघून त्यांनी साधारण २५ वस्तू काढल्या, बिनवासाचं लोशन, कॅल्शियम-मॅग्नेशियम-झिंकच्या गोळ्या, कापसाचे बोळे असल्या अगदी साध्या वस्तू, आणि त्यांच्यावरून गरोदरपणाचा अंदाज आणि बाळंतपणाच्या तारखेचाही अंदाज बांधायला लागले. चार्ल्स डुहिग यांनी फेब्रुवारी २०१२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात हे सगळं लिहिलं. त्यातला तो चिडलेल्या वडिलांचा किस्सा, मुलीला बाळाच्या कपड्यांची कुपनं का पाठवता म्हणून भांडायला आले आणि नंतर कळलं की मुलगी खरंच गरोदर आहे, तो मार्केटिंगच्या प्रत्येक कोर्समध्ये सांगतात. तो तसाच घडला का याबद्दल पुढं शंकाही घेतल्या गेल्या. पण मला त्यातला दुसराच भाग जास्त खटकतो. बायकांना हे आवडत नाही हे लक्षात आल्यावर कंपनीनं बाळाच्या वस्तूंच्या कुपनांमध्ये गवत कापायच्या मशिनची, वाइनच्या ग्लासांची कुपनं मिसळली, म्हणजे सगळं सहज आल्यासारखं वाटावं. अंदाज बांधणं थांबवलं नाही, फक्त तो दिसणार नाही अशी सोय केली. ग्राहकाला समोर बसवून जे सांगायची आपली तयारी नाही ते त्याच्या मागं करायचं, याला मी हुशारी म्हणणार नाही.

त्याउलट ब्रिटनमधल्या टेस्कोचं उदाहरण मला बरं वाटतं, निदान सुरुवातीचं. १९९५ मध्ये त्यांनी क्लबकार्ड देशभर सुरू केलं, डेटाचं काम एडविना डन आणि क्लाइव्ह हम्बी या जोडप्याच्या डनहम्बी कंपनीकडं होतं. दर तिमाहीला ग्राहकाच्या घरी पाकीट यायचं, त्यात साठलेल्या पॉइंटांचं व्हाउचर आणि तुम्ही जे घेता त्याच्याशी जुळणारी काही कुपनं. ग्राहकाला माहीत होतं की मी कार्ड दाखवलं की यांना माझी खरेदी कळते आणि त्याच्या बदल्यात मला काहीतरी परत मिळतं. व्यवहार उघड होता. आपल्याकडं बिलाच्या काउंटरवर "मोबाईल नंबर सांगा" म्हणतात आणि कशाला ते सांगत नाहीत, तिथंच सगळं बिघडतं. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुकानदारांना बजावलं होतं की नंबर दिला नाही म्हणून माल किंवा बिल अडवू नका. तरी अजून कितीतरी ठिकाणी बिलिंगचा पोरगा म्हणतो की नंबर टाकल्याशिवाय सॉफ्टवेअर पुढं जात नाही. जातं. मी बघितलंय, सेटिंगमध्ये एक टिक काढायची असते.

आता मूळ मुद्द्यावर येते, थांबायचं कधी. २०१८ च्या डिसेंबरमध्ये वॉशिंग्टन पोस्टमधल्या पत्रकार गिलियन ब्रॉकेल यांनी टेक कंपन्यांना उघड पत्र लिहिलं. त्यांचं बाळ पोटातच गेलं होतं, आणि तरी फोनवर बाळाच्या जाहिराती येत होत्या. त्यांचं म्हणणं असं की मी गरोदर आहे हे कळण्याइतके तुम्ही हुशार आहात, तर मग माझं बाळ गेलं हेही तुम्हाला कळायला हवं होतं. हे वाचून मी खूप वेळ काम बाजूला ठेवून बसले होते. पण माझ्या मते उपाय "तेही कळायला हवं" हा नाही. आणखी डेटा घेऊन दुःखाचाही अंदाज बांधायला लागलो तर ते जास्तच वाईट. उपाय म्हणजे विचारणं, आणि ते एका फुलांच्या दुकानानं करून दाखवलं. ब्रिटनमधल्या ब्लूम अँड वाइल्ड या ऑनलाइन फुलं विकणाऱ्या कंपनीनं २०१९ मध्ये मदर्स डेच्या आधी ग्राहकांना ईमेल केला की या दिवसाचे मेसेज तुम्हाला नको असतील तर सांगा, फक्त तेवढेच थांबवू, बाकीचे चालू राहतील. हजारोंनी सांगितलं, आणि कितीतरी जणांनी वर आभार मानले. फुलवाल्यांसाठी मदर्स डे हा वर्षातल्या सगळ्यात मोठ्या धंद्याचा दिवस, त्याच दिवसाबद्दल त्यांनी हे विचारलं.

आपल्याकडं याची गरज कुठं आहे? मला पहिल्यांदा दिसली ती हळदी-कुंकवाच्या मेसेजमध्ये. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत साड्यांच्या दुकानातून "सौभाग्याचं लेणं", "सौभाग्यवतींसाठी खास" असले मेसेज धडाधड जातात. त्याच यादीत अशा बायका असतात ज्यांचे मालक गेल्या वर्षात वारलेत. छोटं गाव, दुकानात सगळ्यांना माहीत असतं. एक काका, मनानं फार चांगले, मला म्हणाले, "ताई, त्या बायकांची नावं मी खुणा करून देतो, तेवढी काढून टाका, उगीच त्यांना वाईट वाटायला नको." हेतू चांगलाच होता. पण मला ते पटेना. हेरवाड आमच्यापासून जवळ, कुरुंदवाडच्या पलीकडं. त्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं हे सगळं बंद, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनीही हे करावं असं सांगितलं. गावानं तिला हळदी-कुंकवात परत बोलवायचं ठरवलं आणि मी एक्सेलमध्ये फिल्टर लावून तिला गुपचूप बाहेर काढायचं? मग ती बाई विचार करणार, दरवर्षी मेसेज यायचा, यंदा का नाही आला, आणि तिला कारण बरोबर कळणार.

शेवटी काकांना मी म्हटलं की आपण ठरवायचंच नाही. संक्रांतीच्या पंधरा दिवस आधी यादीतल्या सगळ्यांना, खरंच सगळ्यांना, एक मेसेज पाठवला की संक्रांत आणि हळदी-कुंकवाचे मेसेज यंदा नको असतील तर खालचं बटण दाबा, कारण सांगायची गरज नाही, बाकीचे मेसेज नेहमीसारखे येतील. आणि पुढच्या मेसेजमधून सौभाग्य हा शब्दच काढला, "काळ्या साड्या आल्यात, वाणाचे ब्लाउजपीस आलेत" एवढंच. बटण दाबणाऱ्यांत अशा काही जणी होत्या ज्यांच्याबद्दल दुकानात कुणाला काहीच माहीत नव्हतं. आणि काकांनी खुणा केलेल्यांपैकी काहींनी बटण दाबलंच नाही, एक तर सुनेला घेऊन वाणाचे ब्लाउजपीस न्यायला आल्या. अंदाज दोन्ही बाजूंनी चुकला असता. शीटमध्ये मी त्या नकारापुढं वर्ष लिहून ठेवते, कारण तो नकार त्या वर्षापुरता, पुढच्या वर्षी परत विचारायचं, तिला कायमची "ती यादी" करून टाकायची नाही.

याच्याच जवळची एक गोष्ट, आडनावावरून जात-धर्म ओळखून याद्या करून मागणारेही भेटतात. ईदचा मेसेज या आडनावांना, महावीर जयंतीचा त्या आडनावांना. मी करत नाही. ईदचा स्टॉक आलाय हे सगळ्यांना कळलं तर बिघडतं काय, आमच्याकडं सगळेच सगळीकडं खरेदी करतात.

कायद्याचंही थोडं सांगते, कारण दुकानदार "ते मोठ्या कंपन्यांसाठी असतं" म्हणून सोडून देतात. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शनचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि धंदेवाल्यांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात, म्हणजे तयारीला वेळ आहे पण फार नाही. त्यातलं छोट्या दुकानाला लागू पडणारं सांगायचं तर, माहिती ज्या कामासाठी घेताय ते आधी सांगायचं आणि त्याच कामाला वापरायची, संमती जितक्या सहज घेतली तितक्याच सहज मागं घेता आली पाहिजे, आणि हे सगळं सांगणारी सूचना ग्राहकानं मागितली तर मराठीतही द्यावी लागते. अठरा वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवून त्यांना नेमून जाहिराती करणं बंद, त्यामुळं युनिफॉर्मच्या दुकानात मुलाची जन्मतारीख लिहून घेण्याची जी सवय आहे ती सोडलेली बरी, मापं लिहून घ्या ना, पुढच्या जूनला तीच कामाला येतात.

"त्याच कामाला वापरायची" यातच आमच्याकडचा सगळ्यात मोठा रोग येतो, तो म्हणजे याद्या देणं-घेणं. मंगल कार्यालयाकडून साडीवाल्याला, साडीवाल्याकडून फोटोग्राफरला, तिथून केटररला, पार्लरला. "तुझी लिस्ट दे ना" हे इतक्या सहज मागतात जसं काही बसायला खुर्ची मागतायत. साखरपुडा झाला की दोन दिवसांत मुलीच्या वडिलांचा फोन वाजायला लागतो आणि त्यांना कळत नाही नंबर गेला कुठून. मी ज्यांचं काम घेते त्यांना पहिल्या दिवशीच सांगते की यादी बाहेर जाणार नाही, तुम्ही देणार असाल तर माझ्याकडून काम नको. एक-दोघांनी नाही घेतलं. ठीक आहे.

डेटा कमीत कमी वापरूनही माणसाला आपलं वाटेल असं करता येतं याचं मला आवडलेलं उदाहरण म्हणजे २०२१ च्या दिवाळीतली कॅडबरीची जाहिरात, ज्यात शाहरुख खान तुमच्या भागातल्या दुकानांची नावं घेऊन तिथं खरेदी करा म्हणतो. प्रत्येक दुकानाचं नाव त्यानं बोललेलं नव्हतं, त्याचा चेहरा आणि आवाज मशिन लर्निंगनं तयार केला होता, आणि दुकानदाराला स्वतःच्या दुकानाची आवृत्तीही बनवता येत होती. बघणाऱ्याबद्दल त्यासाठी माहीत काय हवं होतं, तर तो कुठल्या भागात राहतो. एवढंच. तसंच चष्म्याच्या दुकानात मी नंबर, तपासणीची तारीख आणि फ्रेमचं माप यापलीकडं काही ठेवू देत नाही, आणि वर्षानं तपासणीची आठवण जाते, तर माणसं धन्यवाद म्हणून उत्तर पाठवतात, कारण ते त्यांचंच काम असतं.

एक गोष्ट मात्र अजून पूर्ण सुटलेली नाही. आपल्याकडं एका घराचा एकच नंबर दुकानात दिलेला असतो, आणि तो बहुतेक वेळा घरातल्या पुरुषाचा. आईची साडी, सुनेची साडी, बहिणीला द्यायची साडी, सगळी बिलं एका मुलाच्या नंबरावर. त्यामुळं डेटा सांगतो की या माणसाला नारायणपेठ आवडते! बरं हे तरी निस्तरता येतं, पण एखादीनं भिशीच्या पैशातून स्वतःसाठी पैठणी घेतली आणि "आपण घेतलेल्या पैठणीबद्दल धन्यवाद" असा मेसेज किमतीसकट नवऱ्याच्या फोनवर गेला, तर घरात काय होईल ते आपण दुकानात बसून सांगू शकत नाही. म्हणून सध्या मी दोन गोष्टी करते, कुठल्याही मेसेजमध्ये घेतलेल्या वस्तूचं नाव आणि रक्कम लिहीत नाही, आणि काउंटरवरच्या मुलींना सांगून ठेवलंय की बाई एकटी आली असेल तर "नंबर घरचाच घालू की तुमचा, की नकोच?" असं विचारा. तिसरा पर्याय तोंडानं बोलून दाखवायचाच. तुमच्यापैकी कुणी किराणा, मेडिकल किंवा सोन्याच्या दुकानात असलं काम करत असाल तर घरच्या एकाच नंबराचं तुम्ही काय करता ते खाली लिहा, सोनारांकडं तर हा प्रश्न माझ्यापेक्षा मोठा असणार.